पिशवीचा दुसरा बंद

हात काही सुटेना. गॅसवर दूध वर येत होतं आणि मीनाबाईचा उजवा हात आबांच्या मुठीत अडकलेला.

"अवो, सोडा की! उतू जातंय सगळं."

आबा आपले खिडकीकडं बघत बसले. त्यांचं बोलणं बंद होऊन वरीस झालं होतं. भूक लागली तरी बोलत नव्हते, बायकोचं नाव विचारलं तरी नाही. पण हात मात्र अजून लोखंडी. सगळी उमर उद्यमनगरच्या कारखान्यात लेथ मशीनवर घालवलेला माणूस तो. शेवटी दूध गेलंच उतू. करपल्याचा वास आला म्हणून शेजारची रूपाली धावत आली, तिनं गॅस बंद केला आणि त्या दोघांकडं बघून कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"काय हे मावशी! काका हातच सोडंनात की तुमचा. आमचं येडं रस्ता वलांडताना पण धरत न्हाय."

"चल, चावट कुठली," मीनाबाई म्हणाली. पण तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

कारण ह्या माणसानं अख्ख्या संसारात तिचा हात चारचौघांत कधी धरला नव्हता. चारचौघांत सोडा, घरातही नाही. एकदा दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. लेक तेव्हा पोटात होती, म्हणून तर पुढं तिचं नाव दीक्षा ठेवलं. माणसांचा नुसता पूर लोटलेला. "हात धरा की, हरवीन मी," मीनाबाई म्हणाली, तर आबा लाजून पार अर्धे झाले. हातातल्या पिशवीचा एक बंद त्यांनी तिच्याकडं दिला. "हे धर. पिशवी सोडू नगंस," म्हणाले आणि दुसरा बंद धरून पुढं चालायला लागले.

ती दीक्षा आता पुण्यात, नोकरी आणि पोराबाळांत गुंतलेली. कळंब्याच्या त्या दोन खोल्यांत मीनाबाई दिवसभर एकटीच बोलायची आणि एकटीच ऐकायची. मिक्सरला शिव्या द्यायची, कठड्यावरच्या कावळ्याला ख्यालीखुशाली विचारायची. आणि मग मध्येच आबा तिचा हात धरायचे. तोंडानं जमंना म्हणून माणूस हातानं बोलतोय, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यावर तिचे दिवस निघत होते.

पुढं आबांची मान आखडायला लागली, चालताना पावलं फरशीला घासायला लागली. तेव्हा तिनं त्यांना शाहूपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. पोरगी तरुण होती, पण मायेची. तिनं आबांचे हातपाय हलवून बघितले, चालवून बघितलं.

"आणि माझा हात धरत्यात," मीनाबाईनं आपण होऊन सांगितलं. "सोडतच न्हाईत." सांगताना ती जरा मिरवलीच.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची टॉर्च उचलली आणि आबांच्या तळव्यावरून अलगद फिरवली. आबांनी टॉर्च धरली. तशीच, तेवढीच घट्ट.

"आजी, हे ते मुद्दाम करत नाहीत. मेंदूच्या या आजारात कधीकधी तान्ह्या बाळाची पकड परत येते. तळव्याला काहीही लागलं की मूठ मिटते. ओढाताण करायची नाही. हाताच्या पाठीवरून, मनगटापासून बोटांपर्यंत असा हलका हात फिरवायचा." आबांची मूठ उघडली. "बघा, सुटली. आणि नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून हातात मऊ कापडाची गुंडाळी देत जा."

"कायबी लागलं तरी धरत्यात?" मीनाबाईनं विचारलं.

"काहीही."



घरी आल्यावर तिनं जुना टॉवेल गुंडाळून आबांच्या हातात दिला. तिचा हात धरायचे तसाच त्यांनी तो धरला. म्हातारपणी एका फडक्याचा हेवा वाटायची पाळी आली होती तिच्यावर.

त्यानंतर ती सगळं सांगितल्याबरहुकूम करत राहिली. हाताच्या पाठीवरून हात फिरवायचा, मूठ सोडवायची, तळवा पुसायचा, गुंडाळी बदलायची. मूठ दर वेळी सुटायची आणि दर वेळी तिला आणखी एकटं वाटायचं.

"आज न्हाय धरला व्हय हात?" रूपालीनं दारातनं विचारलं.

"कामं हाईत मला," मीनाबाई म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

एका संध्याकाळी गुंडाळी धुवायला काढली आणि बसल्या जागीच तिचा धीर सुटला. तळव्याला तर ती बोटसुद्धा लावणार नव्हती. त्या खोट्या पकडीत तिला परत अडकायचं नव्हतं. तिनं आबांचं मनगटच आवळून धरलं.

"आता मी धरलाय," ती म्हणाली. "तुमी धरा न्हाईतर नका धरू. पिशवी न्हाय आता मधी. मी सोडत न्हाय, जावा!"

आणि ती रडली. माणूस समोर बसलेला असताना, गेलेल्या माणसासाठी रडतात तशी रडली.

रडता रडता तिच्या हाताच्या पाठीला काहीतरी लागलं. तो आबांचा दुसरा हात होता. आखडलेला. तो तिच्या मनगटापासून बोटांपर्यंत हळूच खाली आला. परत वर गेला, परत खाली आला. आबा बघत होते खिडकीकडंच.

मीनाबाईची मूठ सुटली.

पुढच्या महिन्यात परत शाहूपुरीला जायचं होतं. मान, पावलं, झोप, सगळं डॉक्टरीणबाईंना सांगायचं. पण हे तेवढं विचारायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.