डाव्या मनगटातली नाडी

तेल्हाऱ्याच्या वामनरावांची हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वळणावर फुगली होती. डॉक्टरांनी छाती न फाडता, मांडीतून कापडी नळी सरकवून तिथे बसवली. तिनं डाव्या हाताकडे जाणाऱ्या रक्ताची वाट झाकली आणि मनगटात नाडी लागेनाशी झाली. गोदाबाई तरी रोज चाचपायच्या.

"काय पाहून राहिली वं? तिथलं दुकान बंद हाय," वामनराव नवऱ्याच्या तोऱ्यात हसायचे.

आज सकाळी ते गेले. तिरडीपाशी निरोप घेताना गोदाबाईंनी तेच मनगट धरलं. नाडी लागली.

"कुलदीप, थांब रे! बाप जित्ता हाय तुहा!"

गावच्या डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, नकारार्थी मान हलवली.

"माय, सोड आता," कुलदीप रडत म्हणाला. "उचला."

गोदाबाईंच्या बोटांखाली ती नाडी घाबरून धावायला लागली.