फोनवर आलेला ताप

“ताई, उद्या तुमच्या मुलीला ताप आहे,” मुख्याध्यापकांनी संध्याकाळी फोनवर सांगितलं. “अहो, ठणठणीत आहे ती!” “उद्या सगळ्या शाळांना एकच चाचणी आहे. कच्ची मुलं बसली, तर आपल्या शाळेची सरासरी घसरते. समजून घ्या.” मी घेतलं समजून. पाच वर्षं यांच्याच वर्गात बसून मुलगी कच्ची राहिली, आणि आता आजारी आम्हीच पडायचं! मी दवाखान्यात नर्स आहे. सकाळी लेकीच्या वेण्या घातल्या, थर्मामीटर पर्समध्ये टाकला आणि तिला घेऊन थेट वर्गाच्या दारात उभी राहिले. आत चाचणी घ्यायला आलेले साहेब विचारत होते, “एवढे बाक रिकामे कसे?” “तापाची साथ आलीय,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी लेकीच्या जिभेखाली थर्मामीटर धरला, मग तो साहेबांपुढे केला. “हीसुद्धा त्याच साथीतली. सरांनी कालच फोनवर निदान केलंय. बघा, आहे का ताप?” मुख्याध्यापक रुमालानं कपाळ पुसू लागले. साहेबांनी थर्मामीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. “ही साथ सगळ्याच शाळांत असते, बाई. दर चाचणीला येते,” म्हणत त्यांनी हजेरीवर सही ठोकली. लेकीनं माझा हात ओढला. “आई, सरांना घाम फुटलाय. म्हणजे त्यांचा ताप उतरला ना?” “नाही गं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तो हाडात मुरलाय. तू जा, पेपर लिही.”