दुसरा मोजा

मेंदूच्या पुढच्या भागातले रासायनिक निरोपे शिकवताना मी दादाने बनवलेलं लाकडी कुलूप वर्गात नेलं. "डोपामिन ही किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप. किल्ली पोचलीच नाही, तर माणसाला सगळं कळतं, करावंसंही वाटतं, पण सुरुवातच होत नाही." "म्हणजे तो आळशी नसतो?" एकीने विचारलं. "मुळीच नाही! त्याला आळशी म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा," मी ठणकावलं. वर्ग खूश झाला. संध्याकाळी घरी आले, तर काम सुटलेला दादा पलंगाच्या कडेला सकाळसारखाच बसला होता. एक मोजा पायात, दुसरा हातात. त्या मोज्यावरूनच मी सकाळी खेकसले होते, "एवढा घोडा झालास, मोजेही मीच घालू? ऐतखाऊ!" मान वर न करता त्याने विचारलं, "कुलूप कळलं का गं पोरांना?" मी खाली बसले, मोजा घेतला. "पोरांना कळलं, दादा."