आत घेतलेली भिंत

सुट्टीत राहायला बांधायच्या छोट्या लाकडी केबिनचा नकाशा आर्किटेक्ट नवऱ्याने टेबलावर पसरला आणि बायकोने कपाळाला हात लावला.

"ही खिडकी एवढी खाली का?"

"सकाळचं ऊन तिथूनच येतं."

"आणि छपराला हे भोक?"

"तिथं झाड आहे. जागेवर जे आधीपासून आहे, त्याला धक्का लावायचा नाही, हा माझा नियम."

"उन्हाचं ऐकलंस, झाडाचं ऐकलंस, वाऱ्याचे तर लाडच केलेस! वर्षभर जागा बघायला मीही येतेय तुझ्याबरोबर. माझं कधी ऐकणार?"

तो हसला. तेवढ्यात तिचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं.

"इथं तर ना झाड, ना झरा. नुसता एक खडक आहे. त्याच्यासाठी भिंत आत घेतलीस? आणि वर छप्पर मात्र हे एवढं पुढे!"

पेन्सिलीला टोक काढता काढता तो म्हणाला, "दर वेळी भांडण झालं की तू माझ्याकडे पाठ करून त्याच खडकावर जाऊन बसतेस. तो हलवायची माझी काय बिशाद?"

"बरं, आणि छप्पर?"

"पावसाळ्यात काय तू रुसायची थांबणार आहेस?"