ताटलीतली तीन भोकं

"दाजी, ताटली जरा अलीकडे लावू का? वारा फार आहे आज," रेनो म्हणाला.

"का? हरणांना निरोप धाडलायस का, अलीकडे येऊन उभी राहा म्हणून?" आर्वोने मेहुण्याला तिथल्या तिथे गप्प केलं.

हरणांचा हंगाम परवा उघडणार होता. लोकरीच्या विजारी सोड्याने धुऊन देवदाराच्या फांद्यांवर टाकल्या होत्या, साबणाचा वास जनावराला लगेच कळतो म्हणून. बुटांना चरबी चोपडून झाली होती, सुऱ्यांना धार लावून झाली होती. राहिला होता तो नेम. त्यासाठी आर्वो, त्याची मुलगी कायसा आणि रेनो जुन्या खडीच्या खाणीवर आले होते. खाण बर्फाने पांढरी झाली होती आणि सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा कान कापत होता.

नियम आर्वोचाच. शंभर पावलांवर प्रत्येकाची वेगळी कागदाची ताटली लावायची आणि तिच्यावर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही ताटलीत बसल्या तरच जंगलात बंदूक न्यायची. नाही तर हंगामभर शिकारीच्या खोपटात बसून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. जखमी जनावर झाडीत रक्त सांडत फिरण्यापेक्षा माणसाने कांदे चिरलेले काय वाईट? मागच्या वर्षी रेनोने चिरले होते. अजून कुरकुरतो, पण नियम काही चुकीचा नाही.

आर्वोचा उजवा डोळा उन्हाळ्यापासून धुरकटला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि माहीत सगळ्यांना होतं. पण सांगणार कोण? सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, अशातला तो माणूस. आजवर एकदाही त्याने हंगाम चुकवला नव्हता.

रेनोच्या तिन्ही गोळ्या कडेकडेने का होईना, बसल्या. तो लहान पोरासारखा नाचला.

"बाबा, आपण दोघं बरोबरच झाडू," कायसा म्हणाली. "बोटं गारठलीत, लवकर उरकेल."

बापलेक फळीच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसले. कानांत बोळे घातले. बापाच्या बंदुकीबरोबर लेकीची बंदूक वाजत होती, अगदी एकाच क्षणी. तीनदा.

रेनो ताटल्या काढून आणायला गेला आणि येताना ओरडतच आला, "दाजी! मानलं तुम्हाला! कॉफीच्या कपाखाली झाकतील अशी तीन भोकं आहेत!"

मग त्याने दुसरी ताटली वर केली आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "कायसा, तुझी कोरीच की गं."

"चुकलं," ती म्हणाली. "वाऱ्याचा अंदाज आला नाही. या वर्षी रांधते मी."

वर्षभर एकेक रजा साठवून ठेवली होती तिने, या एका आठवड्यासाठी. आणि ताटली कोरी राहिल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं तिच्याबाबतीत.

आर्वोने आपली ताटली हातात घेतली. भोकांवरून अंगठा फिरवला. मग खिशातून आपल्या बंदुकीचं एक काडतूस काढलं आणि गोळीचं टोक भोकात घातलं. टोक अडलं. दुसऱ्या भोकातही अडलं, तिसऱ्यातही. त्याची गोळी जाडी होती. कायसाची बारीक.

"या माझ्या गोळ्या नाहीत."

"थंडीत कागद आकसतो, दाजी," रेनो घाईघाईने म्हणाला.

"आणि अक्कल?"

कायसाने मान वर केली नाही. "एवढं वर्ष जा ना, बाबा. डोळ्याचं ऑपरेशन हंगामानंतर करू."

"आणि जंगलात माझ्याकडून नेम चुकला की? तिथे कोण झाडणार माझ्या वाटची?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्वो रागाने लाल झाला होता. बोलणार होता अजून बरंच. पण हातातल्या ताटलीकडे त्याची नजर परत परत जाऊ लागली. त्याने ती डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ आणली.

"दुसऱ्याच्या ताटलीवर," तो पुटपुटला. "तिरकं बसून. या वाऱ्यात. वर माझ्या बंदुकीशी वेळ साधून." आणि एकदम रेनोच्या नाकासमोर ताटली नाचवत म्हणाला, "बघितलंस का रे? नीट बघ! उभ्या जन्मात मला असं जमलं नाही! तुझ्या तर सात पिढ्यांत नाही!" अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

"म्हणजे, तू रागावला नाहीस?" कायसाने विचारलं.

"रागावलोय. ही लबाडी आहे. नियम म्हणजे नियम. या वर्षी पळी माझ्या हातात. आणि तू आता स्वतःच्या ताटलीवर झाड. रेनो, नवी लाव."

"माझे हात थरथरतायत, बाबा."

"थरथरू देत. तुझेच आहेत ना?"

रेनो ताटली लावून आला. तोवर आर्वोने आपली बंदूक रिकामी केली, पुसली, गवसणीत घातली आणि पट्टा आवळला. मग येऊन लेकीच्या पाठीमागे ताठ उभा राहिला.

कायसाने डोळे पुसले. श्वास घेतला, अर्धा सोडला. एक, दोन, तीन.

"बसल्या," आर्वो म्हणाला. "तिन्ही."

रेनो अजून जागचा हललाही नव्हता. समोर पांढऱ्या बर्फावर पांढरी ताटली. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही शोधावी लागत होती.

"काय सांगताय, दाजी! तुम्हाला इथून ताटली तरी दिसते का?"

"ताटली कुठली दिसायला?" आर्वो म्हणाला. "लेक दिसते ना."