हेडक्लार्कचं फोल्डर

रजांची यादी शोधता शोधता टायपिस्टबाईंनी सर्व्हरवरचं हेडक्लार्कचं फोल्डर उघडलं, आणि नको ते वाचून बसल्या.

तसं त्या फोल्डरला कुलूप नव्हतंच. ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून कुणाचंही फोल्डर उघडायचं. फक्त उघडू नये, एवढी रीत होती. आत ‘तपासणी’ नावाची फाइल. गेल्या पंधरवड्यात सगळ्या स्टाफची रक्ततपासणी झाली होती, तिचा रिपोर्ट. पहिलं पान गायब, दुसऱ्यावर नाव नाही. पण फोल्डर ज्याचं, रिपोर्ट त्याचा. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या.

बाईंनी फाइल पटकन बंद केली. पण गप्प बसत्या तर त्या बाई कसल्या! चहाच्या वेळी त्या स्टोअरकीपरच्या कानाला लागल्या. “कुणाला सांगू नकोस हं.” स्टोअरकीपरला ऑफिसात सगळे रेडिओ म्हणत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पार शिपायापर्यंत पोचली.

आता हेडक्लार्क दिसले की लोक बोलता बोलता थांबायचे. त्यांचंही कशात लक्ष नसायचं. डबा तसाच घरी परत जायचा. एरवी पाच मिनिटांच्या उशिरावरून खडसावणारा हा माणूस “ताई, तुम्ही लवकर निघा, उरलेली पत्रं मी टाइप करतो,” म्हणू लागला. मरण समोर दिसलं की माणूस असा मवाळ होतो, बाईंना वाटलं. आणि अशा माणसाचं दुःख आपण चहाबरोबर वाटून टाकलं! त्यांना स्वतःची लाज वाटू लागली. आरशात बघवेना, घास गिळवेना.

चौथ्या दिवशी त्या हेडक्लार्कच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, मी चुकले. तुमचं फोल्डर उघडलं, रिपोर्ट वाचला. वर चारचौघांत बोललेही. काय वाटेल ते बोला मला.”

हेडक्लार्कचा चेहरा पांढराफटक पडला. “तुम्ही वाचलात तो?”

“माफी तरी कुठल्या तोंडानं मागू?”

“माफी मी मागायची, ताई. चार दिवस सांगायचा धीरच होत नव्हता. मोठ्या डॉक्टरांना पाठवायला म्हणून स्कॅन केला. त्यांनी ‘चुकीचा आहे’ म्हणावं, अशी वेडी आशा. कुणाला कळू नये म्हणून नावाचं पान तेवढं स्कॅन केलं नाही.”

त्यांनी ड्रॉवर उघडून ते पान पुढे सरकवलं.

नाव बाईंचं होतं.