दुखण्याचा वाटा

पित्ताशयात खडे होते यशवंतरावांच्या, पण कॉटवर ते निवांत झोपले होते. पोट धरून कण्हत होती ती शेजारच्या खुर्चीतली कुमुद पोतनीस. दोघांच्या मनगटांना जोडणारी वायर पाहून मंदाकिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत पेशंटचं दुखणं दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायचं, ही सरकारी दवाखान्यांची आता रीतच झाली होती. कुणी घ्यायचं ते यंत्र नसा जुळवून ठरवायचं. सगळ्यांत आधी हात पुढे केला होता तो बाईंनी. यंत्राने त्यांना नाकारलं आणि अख्ख्या तालुक्यातून निवडलं कुणाला, तर पोस्टात ह्यांच्या शेजारच्या काउंटरवर बसणारीला!

"जन्मभर संसार केला मी," त्या नर्सवर कडाडल्या, "आणि ह्यांच्या नसा हिच्याशी जुळतात?"

"तुमच्याशीही जुळल्या, मावशी," नर्स म्हणाली. "पण तुमच्यात आणखी दुखणं मावणार नाही म्हणतंय यंत्र. तुम्हाला कधीपासून दुखतंय?"

असं बाईंना घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा हात नकळत कमरेकडे गेला.

कुमुदने कपाळावरचा घाम पुसला आणि दुसरं मनगट पुढे केलं. "वहिनी, तुमचंही दुखणं नंबर लागेपर्यंत द्या माझ्याकडे. मी सोसेन."

मंदाकिनीबाईंनी तिचा हात झिडकारला.

"काही गरज नाही! तेवढं तरी माझं एकटीचं राहू दे."